सगळ्या पट्ट्या उजवीकडे

शिबिराच्या पेशंटची ऑपरेशनं असतात त्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या हातात दोन कागद असतात. एक पेशंटची यादी, दुसरी माझ्या कामांची. काम झालं की खोडायचं. धुळ्यातल्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाचं ऑफिस मी बरीच वर्षं सांभाळते आहे आणि यादीशिवाय मी स्वयंपाकही करत नाही.

पूर्वी सगळी नावं एका वहीत असत. नावापुढे कुणी 'उ' लिही, कुणी 'डा'. अक्षर वाकडं, वाचणारा घाईत. मी ते सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. प्रत्येक गावाचं ठळक शीर्षक, त्याखाली त्या गावाची माणसं. फाईलचे दोन भाग केले. पहिल्या भागात प्रत्येक पानाच्या डोक्यावर हेडरमध्ये मोठ्या अक्षरांत 'उजवा डोळा', दुसऱ्या भागात 'डावा डोळा'. डोळा वरच लिहिलेला असल्यामुळे नावापुढचा रकाना मी काढूनच टाकला. पान सुटसुटीत दिसायचं. सिस्टर पान हातात घेऊन वरची ओळ वाचत आणि त्या बाजूच्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा लावत. ज्या बाजूला पट्टी, त्या डोळ्याचं ऑपरेशन.

पारोळ्याच्या शिबिरात एक शिंपी चाचा आले होते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, उजवा स्वच्छ. नाव सांगता सांगता त्यांनी उजव्या डोळ्यावर बोट ठेवलं.

"बाई, हा माझा कारखाना आहे. सुईत दोरा यानेच जातो. याला कुणी हात लावायचा नाही, लिहून ठेवा."

रांगेत मागे उभी असलेली एक अक्का हसली. "चाचा, तुमना डोया सोनाना शे का?"

"सोन्याचा नाही अक्का, सुईचा!"

मी म्हटलं, "लिहिलं चाचा. डावा." आणि त्यांना डाव्या भागात घातलं.

चूक ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी झाली. यावलच्या शिबिराची यादी एकाच भागाची होती, सगळे उजवेच. तीच फाईल घेऊन मी पारोळ्याची केली, मध्ये फाईल तोडून दुसरा भाग केला आणि त्याच्या हेडरमध्ये 'डावा डोळा' लिहिलं. नवा भाग आधीच्या भागाला जोडलेला असतो. ती जोड काढली नाही तर एका हेडरमध्ये लिहिलेलं दुसऱ्यातही उमटतं. हे मला माहीत होतं. इतरांना मीच शिकवलं होतं. पहिल्या पानावर आले तर तिथेही 'डावा डोळा'. "अगं बाई," म्हणत मी ते 'उजवा' केलं, पहिलं पान नीट दिसलं म्हणून समाधान मानलं, प्रिंट दिली आणि कामांच्या यादीतली ती ओळ खोडली.

सकाळी पेशंट बाकांवर बसले होते. "बठ्ठा आठेच बसा, कोणी उठू नका," असं सांगत सिस्टर डोळ्यांत थेंब घालत होत्या. मी नेहमीप्रमाणे डोकी मोजायला सुरुवात केली. उजवे चौदा, डावे सात असायला हवे होते. पहिला बाक मोजला, दुसऱ्याकडे वळले आणि थांबले. सगळ्यांच्या पट्ट्या एकाच बाजूला होत्या. बाकांवरच्या माणसांत डावी भुवई एकाचीही झाकलेली नव्हती.

मी यादीचं शेवटचं पान उलटलं. वर उजवा. त्याच्या आधीचं उलटलं. उजवा. दोन भागांची जोड मी काढलीच नव्हती.

डाव्या भागातले सहा जण बाकावर सापडले. सातवे चाचा. "ते पहिला नंबर. आत नेलं," सिस्टर म्हणाल्या.

बाहेरच्या चपलांनी आत जायचं नाही, हा नियम मीच दारावर लावला आहे. मी तशीच आत शिरले. चाचा टेबलावर आडवे होते, उजव्या डोळ्याभोवती औषध लावलेलं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात इंजेक्शन.

"थांबा! डावा, डावा!"

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली आणि केसपेपर उघडला. त्यावर डावा लिहिलेलं होतं. "आम्ही बघितलंच असतं," ते म्हणाले. त्यांनी बघितलं असतंच. पण केसपेपर तोवर मिटलेला होता, आणि तो मिटलेला कागद मला अजून दिसतो.

"चाचा, तुम्ही बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"काय बोलायचं? तुम्ही पट्टी लावली ना, याला हात लावू नका म्हणून. मी सिस्टरला म्हटलंसुद्धा, बाईंनी लक्षात ठेवलं."

डावा डोळा त्याच दिवशी झाला, व्यवस्थित झाला. पण उजव्यात बाहुली मोठी करणारे थेंब गेले होते, डाव्यावर पट्टी होती, त्यामुळे दिवसभर चाचांना धड काहीच दिसत नव्हतं. दुपारी त्यांच्या खाटेशी बसून मी काय घडलं ते सांगितलं. त्यांनी विनोद केला नाही. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि मी उठेपर्यंत काढला नाही.

थेंबांचा असर उतरतो, हे मी शेकडो पेशंटना सांगितलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझाच त्यावर विश्वास बसत नव्हता. इतकी वर्षं नोकरी करून मी कधी त्या वॉर्डात जायला घाबरले नव्हते, त्या सकाळी घाबरले.

पट्टी काढून झाल्यावर डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. चाचा माझ्याकडे वळले. "भिंत राहू द्या. ती यादी आणा."

मी दुरुस्त केलेलं पान समोर धरलं. त्यांनी नव्या डोळ्यावर हात आडवा धरला आणि उजव्याने, शाळेतल्यासारखं तोडून तोडून वाचलं. "डा-वा डो-ळा." मग बोट खाली आणत आपल्या नावावर थांबवलं.

"वर लिहिलं ते ठीक. इथे पण लिहा."

मी पेन काढून त्यांच्या नावापुढे लिहिलं. मग उरलेल्या सहांच्याही. अक्षर जुन्या वहीतल्यासारखं वाकडं आलं.