जर्मन फुटबॉलचं पंचांग

ॲन आर्बरला आम्ही दोघी मैत्रिणी ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो, त्या घराच्या म्हाताऱ्या जर्मन मालकांचा एकच नियम होता. स्वयंपाकघरात फोडणी करायची नाही. पडद्यांना वास लागतो म्हणे. उकडा, भाजा, काय हवं ते करा, मोहरी आणि हिंग बंद. मी नागपूरची, रूममेट पुण्याची, आणि मिशिगनच्या थंडीत दोघी बिनफोडणीचं वरण गिळत होतो. आजारी माणसानेही ताट बाजूला सारलं असतं.

मालकांना आम्ही आजोबा म्हणायचो आणि तेही ओ द्यायचे. त्यांचा जीव अडकला होता त्यांच्या गावच्या फुटबॉल टीममध्ये. जर्मनीच्या दुसऱ्या डिव्हिजनचे तेव्हा उत्तर आणि दक्षिण असे दोन गट होते. ही टीम उत्तरेतली, कायम मधल्या नंबरांवर घुटमळणारी. ऐंशी-एक्याऐंशीचा तो मोसम. त्यानंतर दोन्ही गट मोडून एकच होणार होता, म्हणजे जवळजवळ निम्म्या टीम खाली फेकल्या जाणार. आजोबांची बहीण गावचे पेपर गठ्ठा बांधून बोटीने पाठवायची. ते यायला महिना-दीड महिना लागायचा. बाहेर फेब्रुवारी असला तरी आमच्या घरात फुटबॉलचा डिसेंबर चालू असे.

मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत पार्टटाइम काम करायचे. जर्मन पेपर तिथे विमानाने यायचे आणि ते लाकडी दांडीला अडकवून ठेवायचं काम माझंच होतं. जर्मन मला येत नव्हतं. पण टीमचं नाव आणि शेजारचे दोन आकडे वाचायला भाषा कशाला लागते?

एका रविवारी मी आजोबांना म्हटलं, "आमच्याकडे एक ग्रंथ आहे. त्यात पुढचं दिसतं. येणाऱ्या गठ्ठ्यातला निकाल मी सांगते. बरोबर आला तर त्या रविवारी फोडणी. चुकला तर अंगणातला बर्फ मी उपसणार."

आजोबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "डन," म्हणाले.

गंमत म्हणजे आमचं घर बौद्ध. शनी, मंगळ, मुहूर्त यांना बाबांनी उंबऱ्याबाहेरच ठेवलेलं. पंचांग मी हातातसुद्धा धरलं नव्हतं. तेव्हा ग्रंथ म्हणून आईने बॅगेत कोंबलेलं पाककृतींचं पुस्तक खाकी कव्हर घालून पुढे केलं. पुरणपोळीच्या पानावर बोट फिरवत मी गंभीरपणे सांगितलं, "मंगळ बलवान आहे. दोन-एकने जिंकाल."

वर आल्यावर रूममेट तडकली. "अगं, ही चीटिंग आहे यार! आणि मंगळ असा बघतात का? निदान मला विचारून तरी बोल!"

"आमटी खाणार आहेस ना?"

"तो वेगळा टॉपिक आहे," ती म्हणाली.

गठ्ठा आला, निकाल जुळला, मोहरी तडतडली. पहिल्या फोडणीच्या वासाने मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. आजोबा तर मोहरी फुटायच्या आधीच ताट घेऊन दारात उभे होते. मग हे सुरूच झालं. संशय नको म्हणून मी मधूनमधून मुद्दाम चुकायचे आणि बर्फ उपसताना स्वतःच्या हुशारीला शिव्या घालायचे. आजोबा शनिवारी सकाळी तळघरात जुना शॉर्टवेव्ह रेडिओ दुरुस्त करत बसत. वर नुसती खरखर ऐकू यायची. तो रेडिओ काही केल्या दुरुस्त होत नव्हता.

बर्फ वितळला, शिक्षा गवत कापण्याची झाली. आणि एक दिवस मी लायब्ररीत शेवटच्या मॅचचा निकाल वाचला. टीम हरली होती. खाली गेली होती.

खरं सांगितलं असतं तर फोडणी पक्की होती. पण रविवारी आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसले, आणि माझी जीभ वळेना. मी शंकरपाळ्यांचं पान उघडलं. "शनी सुटला, आजोबा. तुमची टीम वाचली."

त्यांनी पुस्तक हळूच मिटलं. "नाही वाचली. रेडिओवर ऐकलं मी."

"पण तो तर बिघडलाय!"

"छान चालतो. पहिल्यापासून."

"मग इतके महिने?"

"नियम मीच केला होता," ते म्हणाले. "मोडायला काही निमित्त नको का? आणि तुझ्या ग्रंथाला हळदीचा वास येतो. असो, भविष्य चुकलं. गवत काप जा."

मी मुकाट्याने अंगणात गेले. अर्धं गवत कापून झालं असेल, तोच खिडकीतून हिंगाचा भपकारा आला आणि पाठोपाठ खोकला. आत धावले तर आजोबा कढईसमोर. मोहरी जळून कोळसा झालेली. तशीच त्यांनी वरणावर ओतली, आणि आम्ही तिघांनी ते वरण संपवलं.

जेवण झाल्यावर त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "खालच्या डिव्हिजनचं दिसतं का यात?"

मी भरल्या वांग्यांचं पान काढलं, सावकाश बोट फिरवलं आणि सांगितलं, "पुढच्या मोसमातली पहिली मॅच जिंकाल."

हा निकाल मात्र अजून कुठल्याच पेपरात नव्हता, रेडिओवरही नव्हता. आजोबा म्हणाले, "डन."