बिनपायाचं गेमचं कपाट

पांढरकवड्याला हायवेच्या अगदी कडेला आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे. वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं शेड, आणि त्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहतो: नवरा, सासूबाई आणि मी. नवरा सुतारकाम करतो. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले. लग्न ठरलं तेव्हा माझी मावशी म्हणाली होती, "एक लाकूडवाला, एक तारवाली. हे दोघं मिळून काय खातीन वं?" बरीच वर्षं तिचा प्रश्न रास्तच होता.

लग्नात मुलीला द्यायची कपाटं आणि दिवाण यांवर आमचं चालायचं. मग लोक मोबाईलवरून फर्निचर मागवायला लागले आणि शेडमध्ये रंधा कमी, रेडिओ जास्त ऐकू यायला लागला. तशातच हैदराबादच्या एका मॉड्युलर किचनच्या कारखान्यातून नवऱ्याला बोलावणं आलं. पोळा झाला की हो किंवा नाही कळवायचं होतं. इथं काही नवं चाललं नाही, तर तो जाणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

सासूबाई त्यावर अक्षर बोलल्या नाहीत. माझे सासरे ट्रक चालवायचे, याच रस्त्यानं. सासूबाईंचं निम्मं आयुष्य कोणता हॉर्न आपल्या गाडीचा हे ओळखण्यात गेलं. एकदा गाडी हैदराबादकडे गेली आणि सासरे परत आले नाहीत, अपघाताचा निरोपच आला. आता त्याच दिशेला मुलगा निघाला होता, आणि या मुकाट्यानं तांदूळ निवडत होत्या. मला त्यांच्या त्या गप्प बसण्याची भीती वाटायची.

गेमच्या कपाटाची कल्पना नवऱ्याची. पूर्वी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उभी यंत्रं असत: वर पडदा, खाली एक दांडी आणि रंगीत बटणं. तसंच यंत्र घरात ठेवण्यासाठी करायचं, चांगल्या मोबाईलच्या किमतीत बसवायचं. "लाकूड माह्यं, तारा तुह्या," तो म्हणाला. मी मनात म्हटलं, हा माणूस लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाबद्दल बोलला.

पहिलं कपाट त्यानं सागवानाचं केलं. सागाच्या मुलखात राहून दुसरं लाकूड वापरायचं म्हणजे त्याला चोरी केल्यासारखं वाटतं. मी आतलं छोटं कॉम्प्युटर बोर्ड बसवलं, बटणांच्या तारा जोडल्या आणि चालू केलं. स्वतःच्या हातानं एकेक तार जोडलेली असूनही, लाकडाच्या त्या पेटीत पडदा उजळला तेव्हा मी देव्हाऱ्यासमोर उभी असल्यासारखी हात जोडून उभी राहिले. नवरा हसला नाही. त्याचेही हात जोडलेलेच होते.

पण त्या कपाटाची किंमत ऐकली की लोक उठायचे. बघायला मात्र रीघ लागली होती. सगळ्यांनी खेळून घेतलं, चहा घेतला आणि तोंडभरून कौतुक केलं. कौतुकावर चूल पेटत नाही, म्हणून आम्ही काटछाट करायला बसलो. पडदा लहान घ्यायचा का? मग घरातली चार माणसं मिळून काय बघणार? गेम ढिगानं भरायचे का? बाजारात तसली बोर्डं स्वस्त मिळतात, पण गेम कुणाचे, परवानगी कुणाची, काही पत्ता नसतो. आम्ही मोजकेच आणि रीतसर घेतलेले गेम ठेवले. बटणं हलकी घ्यायची का? इथं नवरा अडून बसला.

"जिथी हात लागते, तिथी कंजूशी नाही," तो म्हणाला. "बाकी कुठी बी काट."

म्हणून आम्ही लाकूड काटलं. दुसरं कपाट पातळ बोर्डाचं केलं, वरून सनमायका लावला. दिसायला झकास, किंमतही बेताची. फुलसावंगीहून एक जोडपं बघायला आलं. बाई खेळायला लागल्या आणि एवढ्या रमल्या की मी मनात पेढे वाटले. तेवढ्यात त्यांच्या यजमानांनी खाली वाकून कपाटाचा एक कोपरा धरला आणि उचलला.

आमच्याकडे फर्निचर असंच घेतात. लग्नाचं कपाट बघायला नवरीचे मामा येतात, दार उघडत नाहीत की आरसा बघत नाहीत, आधी कोपरा उचलतात. जड निघालं तर माल खरा. आणि आम्ही, जन्मभर मामांना कोपरे उचलताना बघितलेली माणसं, नेमकं हेच विसरलो होतो. किमतीच्या नादात वजनाकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही.

"हलकं हाय हो," ते गृहस्थ फार प्रेमानं म्हणाले आणि बायकोला घेऊन बसस्टँडकडे गेले. त्या वळून वळून कपाटाकडे बघत होत्या. मला त्या माणसाचा असा राग आला की त्याचा उरलेला चहा मी फरशीवरच ओतला, आणि मग मलाच ती पुसावी लागली.

त्यानंतर जो आला त्यानं कोपरा उचलला. जाड लाकूड वापरलं की किंमत चढायची, पातळ वापरलं की कोपरा उचलला जायचा. पोळा झाला. हैदराबादहून फोन आला, नवऱ्यानं दोन दिवस मागून घेतले. माळ्यावरची बॅग त्यानं खाली काढली आणि फडक्यानं पुसली. सासूबाईंनी ती बॅग बघितली आणि तांदळाचं सूप घेऊन आत गेल्या.

तिसरं कपाट तेव्हा अर्धवट होतं. ते तरी पुरं करून जातो, असं तो म्हणाला. पडदा, दांडी आणि बटणं असलेली वरची पेटी या खेपेला त्यानं जाड प्लायची केली होती, खर्चाचं पुढचं पुढे बघू म्हणून. खालचा उभा भाग सरस लावून शिकंज्यात सुकत होता. मला तारा तपासायच्या होत्या, म्हणून वरची पेटी आम्ही तशीच जमिनीवर पोत्यावर ठेवली. दुपारी सासूबाई चहा घेऊन आल्या आणि गुडघे दुखतात म्हणून पेटीसमोरच मांडी घालून बसल्या.

पडद्यावर गेम चालू होता. वरून किड्यांची रांग उतरते, डाव्या हातानं आपलं विमान सरकवायचं, उजव्या हातानं गोळ्या मारायच्या.

"ह्या अळ्या हायत का वं?" त्यांनी विचारलं.

"हो आई, बोंडअळ्याच समजा. मारा."

त्यांनी दांडी धरली. पहिल्या दोन खेपांना विमान गेलं. तिसऱ्या खेपेला मी तारा सोडून नुसती बघत राहिले. सासूबाईंनी उभा जन्म लोकांच्या शेतात कापूस वेचला आहे. वेचताना एक हात बोंड मोकळं करतो तोवर दुसरा पुढच्या बोंडावर पोचलेला असतो, आणि डोळे त्याच्याही पुढे गेलेले असतात. तेच हात आता माझ्यासमोर दांडीवर आणि बटणावर चालत होते. डावा हात उजव्याला काही विचारत नव्हता. अळ्यांची एक रांग गेली, दुसरी गेली, पडदा वेगानं भरत होता आणि त्या शांत होत्या, वेचणीच्या शेतात असाव्यात तशा. इतकी वर्षं मी या बाईच्या हातचं जेवले आणि हे हात कधी बघितलेच नव्हते.

नवरा रंधा हातात धरून मागे उभा होता. तो पडद्याकडे बघत नव्हता. आईच्या मांडीकडे बघत होता, मग पेटीकडे, मग शिकंज्यातल्या त्या खालच्या भागाकडे.

"त्याले हात कुठी लागते?" तो हळूच म्हणाला.

मला उमगायला क्षणभर लागला. आपल्या घरांत माणूस जमिनीवर बसतो. जेवतो, निवडतो, गप्पा मारतो, सगळं मांडी घालून. मग गेमच्या कपाटाला पाय हवेत कशाला? खालचा भाग काढला की निम्मं लाकूड वाचतं, आणि ते पैसे वरच्या जाड पेटीत घालता येतात. मी उठले, वाकले आणि पेटीचा कोपरा धरून उचलला. दोन्ही हात लावावे लागले.

"जड हाय हो," मी फुलसावंगीच्या त्या गृहस्थांच्या आवाजात म्हणाले. नवरा इतका हसला की रंधा खाली ठेवावा लागला.

सासूबाईंचं विमान पडलं. मान न वळवता, पडद्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "तू बी त्याच रोडनं जाशीन का रे?"

एवढ्या दिवसांत त्या विषयावर त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या. नवरा पुढे आला. खिशातला टेप काढून तो त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. टेपचं टोक जमिनीला टेकवलं, पट्टी त्यांच्या डोळ्यांपर्यंत नेली आणि कानामागची पेन्सिल काढली.

"हालू नको, माय," तो म्हणाला. "आता सारी कपाटं याच मापाची करतो."

सासूबाई हलल्या नाहीत. डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं, तरी ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.