कोयत्याच्या भट्टीवरची तलवार

आधी माफी मागतो. कामाचे अनुभव लिहिणाऱ्याचे केस त्या कामात पांढरे झालेले असावेत. मी अजून मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझं काम म्हणजे माजलगावात एका लोहाराच्या शेडमध्ये घालवलेली पहिल्या वर्षानंतरची उन्हाळ्याची एक सुट्टी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे असं काही लिहावं का, हे विचारायलाही घरात कुणी नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

पुण्याच्या मॅडमचा फोन आला तेव्हा भट्टी पेटलेली होती आणि मला नीट ऐकू येत नव्हतं. मी बाहेर कडुलिंबाखाली आलो. मॅडम लहान मुलांसाठी नाटकं बसवायच्या. नवीन नाटकातल्या राणीसाठी त्यांना तलवार हवी होती. युरोपात जुन्या काळी असायची तशी, सरळ पात्याची, मुठीपाशी आडवी दांडी असलेली. फक्त त्या दांडीला पक्ष्याच्या पंखांचा आकार द्यायचा होता.

"पुठ्ठ्याची नको," त्या म्हणाल्या. "लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायला हवा. पण धार अजिबात नको आणि टोक गोल."

धारेची तलवार विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे. म्हणून त्यांनी नाट्यसंस्थेच्या लेटरहेडवर 'धार नको' असं लिहूनही पाठवलं.

शेड गफारचाचांची. चाचा चाळीस वर्षं ऊसतोडीचे कोयते करत आले होते. त्यांच्या कामाचे फोटो मी इंटरनेटवर टाकले होते, त्यातून ही ऑर्डर आली. ऑर्डर घेणं आणि ड्रॉइंग काढणं हे माझं काम. मी चाचांना मॅडमनी पाठवलेलं चित्र दाखवलं.

"वाक न्हाई, धार न्हाई," चाचा म्हणाले. "मंग हिला तलवार कावून म्हनायचं बे?"

"नाटकातली आहे, चाचा."

"रानी कुठली हाय?"

"कुठलीच नाही. कल्पनेतली."

"मंग तर लई सोपं. तिला कोनी पाह्यलंच न्हाई, तर चूक काढनार कोन?"

चाचांचा मुलगा सलीमभाई दारात उभा होता. तो हसला नाही. तोडणीची मशिनं आल्यापासून कोयत्यांची मागणी उतरली होती, आणि भट्टी काढून तिथं वेल्डिंगचं दुकान टाकायचं त्याच्या डोक्यात होतं. रोज त्यावरून दोघांची बोलाचाली व्हायची. त्या दिवशी तो म्हणाला, "अब्बा, एक काम करू. ही ऑर्डर पास झाली तर भट्टी काढायचं नाव घेनार न्हाई. परत आली तर मी म्हनंल ते करायचं."

"मंजूर," चाचा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून, "इंजिनेर, चित्र नीट काढ."

मी रात्रभर नाही, पण दोन दिवस खपून ड्रॉइंग काढलं. पात्याची लांबी, रुंदी, मूठ, पंखांची वळणं. पहिल्या वर्षात आम्हाला शिकवतात की वस्तू समोरून, वरून आणि बाजूने अशी तीनदा काढायची. त्या विषयात मला चांगले मार्क होते. तरी मी फक्त समोरून काढली, कारण मॅडमच्या चित्रात ती समोरूनच होती. जाडी एकाच ठिकाणी लिहिली, मुठीपाशी.

ट्रकच्या चाकावर कमानीसारखे पोलादी पाटे असतात. कोयते त्यांचेच होतात, तलवारही त्यातल्याच एका पाट्याची केली. चाचांचं काम बघत बसावं असं होतं. लोखंडाचा रंग बघून ते ओळखायचे की आता ठोकायचं की थांबायचं. शेवटी पाणी दिलं, म्हणजे तापलेलं पातं एकदम तेलात बुडवून कडक केलं. जळक्या तेलाचा तो वास अजूनही एखाद्या गॅरेजवरून जाताना आला, की माझे पाय आपोआप थांबतात. दुपारच्या नमाजनंतर चाचा कानस घेऊन पंख घासायला बसायचे. घासता घासता मधेच पंखावर फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "उडतंय का बघ."

दहाव्या दिवशी मॅडम आल्या. राणीचं काम करणारी सानिका सोबत होती, माझ्याच वयाची. मॅडमनी आधी पंखांवरून बोट फिरवलं. सानिकाने तलवार दोन्ही हातांनी उचलली, खांद्यावरून फिरवली आणि मधे थांबवायला गेली. तलवार थांबली नाही. तिला ओढत खाली आली आणि टोक चाचांच्या पायापासून वीतभरावर फरशीवर आपटलं.

"पुढून फार जड आहे," ती घाबरून म्हणाली.

"वजन पुढंच पायजे, बेटा," चाचा म्हणाले. "त्याबिगर ऊस तुटंल कसा?"

"चाचा, आमच्या नाटकात ऊस नाहीये."

सगळे हसले. मग हळूहळू चाचांचा चेहरा उतरला. कोयत्याचं वजन पुढे ठेवतात, म्हणजे तो स्वतःच्या भाराने उसावर पडतो आणि तोडणाऱ्याचा हात कमी दुखतो. तलवारीला उलटं लागतं. ती हवी तिथे थांबली पाहिजे. म्हणून तिचं पातं टोकाकडे पातळ होत जातं आणि भार मुठीकडे राहतो. पातळ होत जाणं बाजूनेच दिसतं, आणि बाजू मी काढलीच नव्हती.

"मॅडम, माफ करा," सलीमभाई म्हणाला. "अब्बाला कोयत्याबिगर काही येत न्हाई. मी आधीच म्हनलो होतो."

चाचा खाली बघत होते. मला बोलायला हवं होतं. मॅडमनी पर्स उचलली, सानिका दारापर्यंत गेली, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"चूक ड्रॉइंगची आहे. चाचांनी कागदाप्रमाणे केलं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग पंखांकडे. "आठ दिवसांनी रंगीत तालीम आहे," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधी द्या."

त्या गेल्यावर मी शेडच्या फरशीवर खडूने पातं बाजूने काढलं. चाचा उकिडवे बसले.

"हे आधी कावून न्हाई दावलंस?"

"विसरलो."

"गधे," चाचा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मी बी विचारलं न्हाई. हाताला वाटलं, त्याला समदं ठावं हाय."

मूठ काढली, पातं पुन्हा तापवलं. घण मारायला चाचांचा खांदा पुरेना. सलीमभाई काही वेळ दारातून बघत राहिला, मग शर्ट खुंटीला अडकवून आत आला आणि घण उचलला. "पास करायला मदत करतोय, असं समजू नका," तो म्हणाला. "लवकर उरकावं म्हनून आलोय." चाचा छोट्या हातोडीने जागा दाखवायचे, तो तिथं घाव घालायचा. टोकाशी आलं की चाचांचा हात अजूनही आखडायचा. मी "पातळ, चाचा, पातळ" म्हणत राहायचो आणि ते मला शिव्या देत राहायचे. पंखांना हात लावला नाही, मूठ परत बसवताना भार मागे यावा म्हणून तिच्यामागचा लोखंडी गोळा तेवढा मोठा केला. सहाव्या दिवशी मुठीपासून चार बोटांवर पात्याखाली एक बोट धरलं, तर तलवार आडवी थांबली. सलीमभाईने जाऊन चहा सांगितला.

तालमीच्या आधी मॅडम आणि सानिका परत आल्या. सानिकाने ती फिरवली, अधांतरी थांबवली, परत फिरवली. मॅडमनी चाचांना वाकून नमस्कार केला. ऑर्डर पास झाली आणि सलीमभाईने शब्द पाळला. भट्टी राहिली. सुट्टी संपली तसा मी छत्रपती संभाजीनगरला, कॉलेजला परत आलो, आणि बरेच दिवस मला वाटत होतं की भट्टी मी वाचवली.

यातून मी शिकलो ते एवढंच, की ड्रॉइंग तिन्ही बाजूंनी काढावं. आणि एक तलवार पास झाल्याने भट्टी एखाद-दोन सीझन चालते, त्याहून जास्त नाही.

यंदा परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी सलीमभाईचा फोन आला. भट्टी काढून महिना झाला होता. त्याने काढली नव्हती. चाचाच म्हणाले, खांदा आता उठत नाही, आणि भट्टी पाडायचा पहिला घावही त्यांनीच घातला.

"मग मला आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मी त्याच दिवशी फोन लावत होतो," सलीमभाई म्हणाला. "अब्बानं हातातून मोबाईल घेतला. म्हनले, त्या पोराची परीक्षा हाय. झाल्यावर सांग."