नानांच्या रेडिओतल्या बांगड्या

रेडिओ दुरुस्त करणारी बाई म्हटल्यावर लोक आधी हसायचे, मग माझ्या मागे कुणी पुरुष दिसतो का ते बघायचे. धुळ्याच्या आयटीआयमध्ये वर्गात मी एकटीच मुलगी होते. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमारास जळगावात दुकान टाकलं, आणि तोंड फटकळ असल्यामुळे ते चाललंही.

एका मे महिन्यात चोपड्याहून एक बाई एसटीने आली. सातवा महिना लागलेला, उन्हाने चेहरा लालबुंद. घरात ती आणि तिचा म्हातारा सासरा, दोघंच. नवरा सुरतेला कामाला. सासू जाऊन तीन महिने झाले होते. तेव्हापासून सासऱ्याच्या व्हॉल्व्हच्या रेडिओतून भर दुपारी बांगड्या वाजतात, असं ती म्हणाली. मी हसले, तर तिने माझा हात घट्ट धरला. "ताई, हसू नका. त्या अजून घरमाच शेतस." म्हणजे सासू अजून घरातच आहे.

ती बाळंतपणाला माहेरी जाणार होती, आणि तो रेडिओ घरात असेपर्यंत तान्हं घेऊन परत येणार नव्हती. मग सासऱ्याला भाकरी कोण घालणार? म्हणून तिची एवढीच विनंती होती की मी यावं, रेडिओ उघडावा आणि हा आता दुरुस्त होत नाही असं सांगावं. खोटं बोलायचं, बस. मला राग आला. रेडिओ माझ्यापुढे मेला असं मी कधी कबूल केलं नव्हतं. म्हटलं, बघून तर घेऊ.

तिच्याबरोबर चोपड्याला गेले. तिचे सासरे, नाना, वरच्या खोलीत राहत. निवृत्त शिक्षक, बोलणं शुद्ध, कपडे स्वच्छ. खोलीची जमीन लाकडी फळ्यांची, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर तो चार बँडचा रेडिओ. दुपारचं प्रसारण संपलं तरी ते तो बंद करत नसत. शांतता सहन होत नाही, म्हणाले. मी मागचा पुठ्ठा काढला. धूळ, गरम मेणाचा वास, आणि काचेच्या नळ्यांसारखे, आतून लालसर धुगधुगणारे व्हॉल्व्ह. खरखर होती, बाकी काही नाही. नाना पलंगावर पडले आणि मी सर्किट बघत बसले. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

आणि मग माझ्या नाकासमोर, स्पीकरमधून, बांगड्या वाजल्या.

किण्ण. थांबून पुन्हा किण्ण. काचेच्याच होत्या हो, खोटं कशाला सांगू! कुणी बाई हळूहळू खोलीत येत असावी तसा आवाज. माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर गळून पडला. मागे वळले तर नाना उठून उभे होते, काठीवर रेललेले, चेहरा असा निवलेला की मला त्यांच्याकडे बघवेना.

"ऐकलंत ना?" ते हळू आवाजात म्हणाले. "शेवटच्या दिवशी चुडा भरून पाठवली होती तिला. मी उठलो की ती येते. मी थांबलो की तीही थांबते."

खाली सुनेचं भांडं पडलं, म्हणजे तिनेही ऐकलं होतं. मला वाटलं, पुठ्ठा लावावा, सुनेने सांगितलं तसं सांगावं आणि पळावं. पळाले असते तर बरं झालं असतं. पण डोकं एकदा फॉल्टच्या मागे लागलं की माझं मीही ऐकत नाही.

पण 'मी थांबलो की तीही थांबते' हे नानांचं वाक्य मनातून जाईना. मी पेन्सिल काढली. व्हॉल्व्हचा रेडिओ तपासताना आम्ही पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेक व्हॉल्व्ह टिचकावतो. आतली तार ढिली झाली असेल तर तो व्हॉल्व्ह हादऱ्याने वाजतो आणि तो आवाज मोठा होऊन स्पीकरमधून येतो. पहिला गप्प. दुसरा गप्प. तिसऱ्याला टोक लागलं आणि किण्ण! बांगडी.

हुश्श झालं मला. काय तो आनंद! भूतबीत सगळं झूट. आमच्यात पद्धत अशी, की पार्ट बदलण्याआधी फॉल्ट गिऱ्हाइकाला त्याच्याच हाताने दाखवायचा, नाहीतर मेकॅनिक लबाड ठरतो. मी तर बाई, म्हणजे दुप्पट लबाड. उचलली जीभ लावली टाळ्याला. विचारलं, नाना, ही काठी कधीपासून? तर बायको होती तोवर तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत, ती गेली आणि काठी आली. मी म्हटलं, मग जरा आपटा बघू फळीवर.

त्यांनी आपटली. किण्ण.

पुन्हा आपटली. पुन्हा किण्ण. तिसऱ्यांदा काठी वर उचलली आणि तशीच धरून ठेवली, टेकवलीच नाही. मी आपली बडबडतेच आहे, की फळी हादरते, टेबल हादरतं, व्हॉल्व्ह वाजतो. केवढा शहाणपणा! त्यांचा चेहरा पाहिला तेव्हा पेन्सिल खाली ठेवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"बदलून टाका," ते म्हणाले. "सून घाबरते."

नवा व्हॉल्व्ह पाच मिनिटांत बसला. सुनेला हाक मारली. ती पोटावर हात धरून वर आली, खोलीभर पाय आपटत फिरली. रेडिओ नुसता खरखरत राहिला. ती हसायला लागली, मग रडायला लागली. बाळ घेऊन परत इथेच येते, म्हणाली. सासऱ्याच्या पाया पडली आणि माझ्यासाठी चहा टाकायला खाली पळाली.

मी पिशवी भरत होते. जुना व्हॉल्व्ह नानांच्या तळहातावर होता, अजून गरम असावा, कारण ते तो या हातातून त्या हातात करत होते. सून खाली पोचल्याची खात्री करून ते बोलले.

"म्हणजे तीन महिने मीच येत होतो."

मी पिशवी उचलली. चहा न घेताच खाली उतरले. चपला पायात सरकवत होते तोवर वरून काठीचा आवाज आला नाही. नाना जागचे हललेच नव्हते.