नागपंचमीचा टेकू

लोक दाराला कुलूप लावून बाहेर जातात. मी भिंतीला टेकू लावून आत अडकलो. माझ्या ओळखीच्यांना यात नवल वाटायचं नाही. पुढे जे झालं त्याचं मात्र मलाच अजून वाटतं, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक सांगून टाकतो. आपल्या मासिकात येणारे असले अनुभव मी दुपारी जेवून आडवा झालो की वाचतो, आणि हसून कुशीवर वळतो. मी कल्याणच्या शाळेत भूमिती शिकवतो. जे काटकोनात बसत नाही, त्यावर माझा विश्वास नाही. म्हणजे... नव्हता.

आमचं घर खाडीकडे उतरणाऱ्या आळीत. आधीचा मालक तांदळाचा व्यापारी, त्याने पोती ठेवायला मागच्या खोलीखाली तळघर काढलेलं. तळघर कसलं, बोळच तो! मधे उभं राहून दोन्ही हात पसरले की या भिंतीला एक पंजा आणि त्या भिंतीला दुसरा. एका अंगाला उताराची माती, दुसऱ्या अंगाला दार, आणि दारापलीकडे मागच्या अंगणात चढणारा दगडी जिना. दार आत उघडणारं. हे 'आत उघडणारं' लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

त्या वर्षी श्रावणात पाऊस उसंत देईना. माती पाणी पिऊन फुगली आणि तळघराच्या भिंतीला पोट आलं. धर्मा सुताराने येऊन पाहिलं, उभे खांब लावायला हवेत म्हणाला, आणि सणाला आपल्या गावी डोंबिवलीकडे निघून गेला. "पंचमी झाली की येतो, मास्तर."

नागपंचमीच्या सकाळी पोट आणखी पुढे आलेलं दिसलं. आणि नेमक्या त्याच सकाळी आमच्या गंगूला कळा सुरू झाल्या.

गंगू आमची थोरली, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. तिची खाट मागच्या खोलीत. म्हणजे बरोब्बर त्या भिंतीच्या डोक्यावर. खोलीची तक्तपोशी, म्हणजे पायाखालची फळ्यांची जमीन, त्याच भिंतीवर टेकलेली. भिंत गेली तर तक्तपोशी खाली, आणि तिच्याबरोबर माझी पोर.

"हिला पुढे सोप्यात हलवू या का?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"आता?" आमचं कुटुंब म्हणालं. "भागाबाई सुईण म्हणते, आता हिला जागची हलवायची नाही. तुम्ही इथून निघा पाहू. पुरुषांचं काय काम इथे?"

"अगं, भिंत..."

"मग भिंतीचं बघा. पण आज पंचमी आहे. खणायचं नाही, कापायचं नाही, चिरायचं नाही."

"ठोकलं तर चालेल?"

तिने जरा विचार केला. "ठोकायचं नाही असं कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही."

बाहेरून माती काढणं बंद, करवत बंद. राहता राहिला एकच उपाय: भिंतीला आतून अडसर द्यायचा, तोही आयता मिळेल त्या लाकडाचा. गोठ्यात एक जुना वासा पडला होता. हात पसरून त्याचं माप घेतलं. एका तळव्यापासून दुसऱ्या तळव्यापर्यंत, टोकांना फळ्या आणि पाचर धरून तंतोतंत तळघराच्या रुंदीएवढा! मी हरखलो. दोन फळ्या, एक पाचर, ठोकायला स्वयंपाकघरातला वरवंटा आणि रॉकेलची चिमणी घेऊन खाली उतरलो.

भूमिती सांगते, फुगवट्याच्या मध्यावर जोर द्यावा. तिथे एक फळी लावली. दुसरी तिच्या बरोब्बर समोर हवी, आणि समोर होतं दार. सपाट जागा मिळावी म्हणून मी दार लोटून घेतलं, चौकटीवर फळी आडवी धरली, छातीच्या उंचीला दोन्ही फळ्यांमधे वासा बसवला आणि पाचर ठोकली. काम इतकं चोख झालं की वासा टणत्कार देऊ लागला. हात झटकून वर निघालो... आणि निघायचं कुठून ते कळेना. आत उघडणाऱ्या दारावर फळी, फळीवर वासा, वाशावर भिंत, आणि अलीकडे मी.

पाचर किंचित सैल करून पाहिली. भिंतीतून चाळणीतून पडावी तशी रेती पडली, आणि त्याच क्षणी वरून गंगूचं किंचाळणं आलं. पाचर परत ठोकली. म्हणजे मी बाहेर पडायचं तर वासा काढायचा, आणि वासा काढला तर...

"अगं, ऐकलंस का?" मी वर तोंड करून हाक मारली.

डोक्यावरच्या तक्तपोशीवर टाच आपटली. "आरडाओरडा कसला चाललाय? इथे पोर कळा देतेय!"

"मला दार उघडता येत नाही."

"मग नका उघडू. तिथेच बसा. आज तेवढंच काम आहे तुम्हाला."

खरं कारण ओरडून सांगावं, तर गंगूच्या कानावर जाणार. 'तुझ्या खाटेखालची भिंत पडतेय' हे अडलेल्या मुलीला कोणता बाप सांगेल? पाणी झिरपत होतं, ओल्या चुन्याचा वास नाकात बसला होता, छत डोक्यावर हातभर. वर पावलं धावत होती आणि मला काहीही करता येत नव्हतं.

तेवढ्यात भिंतीवरून गिलाव्याचा मोठा लपका सुटला. धप्पकन आवाज झाला, चिमणी विझली आणि अंधार झाला. गेला वासा! अंधारात हात पुढे केला. होता. छातीच्या उंचीला, जागच्या जागी. जिवात जीव आला, आणि मी दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरून उभा राहिलो. सगळा भार त्याच्यावर टाकून जवळजवळ लोंबकळलोच.

वासा कोमट लागत होता. माझ्याच हातांची ऊब असेल म्हटलं. गंगूला कळ आली की तो थरथरायचा, आणि कळ ओसरली की थांबायचा. वरच्या धावपळीने हादरत असेल म्हटलं. सगळ्याला कारण सापडत होतं हो... अंधारात माणूस फार हुशार होतो.

मग जिन्यावर पावलं वाजली. बापू, माझा मेहुणा. पंचमीला बहिणीकडे म्हणून ठाण्याहून सकाळच्या गाडीने आलेला.

"भाऊजी, ताईने पाठवलंय. बाजूला व्हा, दार ढकलतो."

"ढकलू नकोस! दाराला वासा लावलाय."

त्याने ऐकण्याआधीच ढकललं. मग आणखी एकदा, जोर लावून.

"भाऊजी, थट्टा पुरे. तुम्हीच पाठ लावून उभे आहात."

"मी दारापाशी नाहीच मुळी. इथे भिंतीजवळ आहे. वासा आहे तो!"

"वासा कसला? मऊ लागतंय. मी ढकललं की तिकडून परत ढकलतंय."

ज्याला धरून उभा होतो, त्याच्यावरची बोटं मला हलवावीशी वाटली नाहीत. सोडायची भीती वाटत होती आणि धरायचीही. वर भागाबाईचा आवाज चढला, गंगूने एक लांब आरोळी दिली, आणि माझ्या हातांखाली ते जे होतं ते ताठलं. इतकं, की मला वाटलं आता मोडतंय.

आणि बाळ रडलं.

त्याबरोबर ते सैलावलं. मोडलं नाही, पडलं नाही. माझ्या मिठीतून हळूच निघून गेलं. मी तोंडावर आपटलो. दार उघडलं आणि बापू माझ्या अंगावर.

जिन्यातून उजेड आत आला. वासा जमिनीवर पडलेला होता. पाचर, दोन्ही फळ्या, सगळं खाली. वाशावर गिलाव्याचा लपका, आणि वाशाखाली माझी चिमणी, चेपून पत्रा झालेली! म्हणजे चिमणी विझली ती वासा पडला म्हणूनच. त्यानंतर इतका वेळ दोन भिंतींच्या मधे काही नव्हतंच. भिंत उभी होती. दार बंद होतं. आणि मी कशाला तरी धरून उभा होतो.

बाळ-बाळंतिणीला आम्ही लगेच खाटेसकट सोप्यात आणलं. मुलगी झाली होती.

दुसऱ्या दिवशी धर्मा आला. त्याने भिंतीला ओळंबा लावला, काढला, पुन्हा लावला.

"मास्तर, ह्ये कोनी केलं?"

"काय?"

"पोट गेलंय भिंतीचं. भायेरची माती काढल्याबगर भिंत मागं जात नाय."

बाहेर जाऊन पाहिलं. मातीला कुणी हात लावला नव्हता. त्याने तरी सागाचे तीन खांब भिंतीशी उभे केले, वर तुळईला आणि खाली फरशीला जखडले. ते आजही आहेत, आणि त्यांच्यावर भार असा नाहीच.

आळीतले भटजी म्हणाले, पंचमीला माती खणली नाहीत, नागदेवता पावली. मी म्हटलं, नागाला हात कुठून? बापू म्हणतो, भाऊजी, घाबरून तुम्हीच हात पसरून उभे राहिला असाल. पण भिंत ओल्या चुन्याने बरबटलेली होती आणि माझे तळवे कोरडे. शिवाय मी माझ्याच हाताला लोंबकळणं... भूमितीत बसत नाही. बापूला विचारलं, दारामागे मऊ काय होतं? तेव्हापासून तो पंचमीला येतो, पण मागच्या अंगणात जात नाही.

बारशाच्या दिवशी पाहुणे जेवून गेले. भागाबाईला रीतीप्रमाणे लुगडं-चोळी दिली, ती आशीर्वाद देत गेली. मी पान लावत बसलो होतो. आमचं कुटुंब ट्रंक उघडून बसलं होतं. तिच्या एका हातात कोरं लुगडं, दुसऱ्या हातात कोरं धोतर.

"अहो, बाळंतपणात ज्याचा हात लागला त्याला कोरं वस्त्र द्यावं लागतं. वर होती तिला दिलं. आता खाली तळघरात काय ठेवू? लुगडं की धोतर?"

"मला काय ठाऊक?"

"ठाऊक नाही कसं? इतका वेळ दंडाला लोंबकळत होता ना? बांगड्या लागल्या नाहीत का हाताला?"