टाकीचा उपास

पाण्याचा इतका विचार करणारा आणि पाणी इतके कमी पिणारा माणूस आमच्या साहेबांखेरीज मी पाहिलेला नाही. पिण्याच्या पाण्याच्या काँक्रीटच्या टाक्या बांधण्यात त्यांची सारी नोकरी गेली. नवी टाकी प्रथम भरून गळतीची परीक्षा सुरू झाली, की निकाल लागेपर्यंत ते पाण्याचा थेंब घेत नसत. चहा मात्र चाले. "चहा म्हणजे पाणी नव्हे," हे ते इतक्या गांभीर्याने सांगत, की रसायनशास्त्रात पहिली आलेली मीही मान डोलवी. साचे निघाले की ते भिंतीला कान लावून टकटक करीत, ऐन मे महिन्यात स्वतःच्या डोक्यावरचा ओला पंचा तिच्यावर टाकीत, कारण "ती अजून कोवळी आहे." टाकीला ते 'पोर' म्हणत आणि मला 'अहो विज्ञान'.

बोनकोड्याजवळची टाकी हा मी स्वतंत्रपणे केलेला पहिला आराखडा. ती गळली, तर मी कायमची कचेरीत नकाशांच्या सुरळ्या सांभाळणार, हे मला वरून स्पष्ट सांगण्यात आले होते. टाकी भरली आणि दुसऱ्याच सकाळी भिंतीवर तळहाताएवढा ओला डाग उमटला. हंडा घेऊन टँकरकडे निघालेली गावातली एक आजी थबकली.

"बाय, तुजी टाकी घामेजली काय गो?"

बारीक चीर चुना धरून आपोआप बुजते, यावर मी तिला सविस्तर व्याख्यान दिले.

"मंग तुजा तोंड कशाला सुकलाय?"

साहेबांनी त्या दिवशी चहाही सोडला. मी चिडले. "साहेब, तुमच्या तहानेचा आणि चिरेचा कार्यकारणसंबंध काय?"

"काहीच नाही," ते म्हणाले. "पण घशाखाली उतरत नाही, त्याला मी काय करू, अहो विज्ञान?"

मी विजयी मुद्रेने वळले. शिपायाने पाण्याचा पेला पुढे केला. "नको," माझ्या तोंडून निघून गेले, "चहा आहे का?" साहेबांनी सौजन्याने दुसरीकडे पाहिले.

पुढे डाग आकसत गेला आणि एक पांढरी रेघ उरली. साहेबांनी नळाखाली पेला भरला आणि आधी माझ्या हाती दिला. "आराखडा तुमचा." क्लोरीनची मात्रा तपासायची राहिली आहे, हे मला पक्के आठवत होते. मी प्यायले.

साहेब निवृत्त होऊन कोकणात गेले. तिथे विहिरीचे पाणी मनसोक्त पितात म्हणे. बोनकोड्याच्या रस्त्याने जाताना मी अजून ती पांढरी रेघ शोधते. आणि नवी टाकी भरली, की इकडेतिकडे पाहून चहा मागवते. चहा म्हणजे पाणी नव्हे.