एकट्यानं बसायची गाडी

आमच्या घरात पाहुण्याला एकटं सोडत नाहीत. तो पानाच्या टपरीवर निघाला तरी एक जण चपला अडकवून सोबत जातो. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत याला माया म्हणतात. मला आता त्या मायेचा संताप येतो.

धाकट्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, सुट्टीला आले होते. मलकापूरच्या पुढं एका हॉटेलवाल्यानं माळावर जाड टायरच्या चारचाकी बाइक भाड्यानं ठेवल्या आहेत. हँडल मोटारसायकलचं, चाकं चार, खाचखळग्यांतून पळते. बहीण वर हॉटेलात चहा घेत बसली आणि आम्ही दोघं खाली माळावर गेलो. दाजींनी हेल्मेट चढवलं. मी मागं टांग टाकली तसा गाड्या सांभाळणारा गाडीवाला ओरडला, "सर, एकट्यानंच बसायचं! मागं वजन पडलं की चढाला उलटती!"

"पावणं हाईत आमचं. एकटं कसं सोडायचं?" मी म्हणालो. त्यानं गाडी चालू करून दिली. गिऱ्हाइकाशी हुज्जत कोण घालणार?

चढाला पुढची चाकं उचलली. मी बाजूला गवतात फेकला गेलो, कोपर सोलपटलं. गाडी दाजींच्या छातीवर पडली. गाडीवाल्यानं आणि मी ती उचलली तेव्हा दाजी गेले होते.

बहीण धावत आली. मी म्हणालो, "मी गाडीवर नव्हतो गं, खालीच उभा हुतो." गाडीवाल्यानंही मान हलवली. दोघं बसवल्याचं बाहेर आलं असतं तर त्याच्याही अंगलट आलं असतं.

पुढं मी पेटलो. वाहनांच्या कचेरीत म्हणाले, गाडीला नंबर न्हाय, रस्त्यावर येत न्हाय, आमच्याकडं कशाला आलाय? गावच्या ग्रामपंचायतीत कळलं, परवानगी हॉटेलची आहे, गाड्यांचं कुणी विचारलंच नव्हतं. पोलिसांच्या लेखी साधा अपघात. एक धडधाकट माणूस चिरडून मेला आणि ती गाडी कुणाच्याच अखत्यारीत येत नाही! मी खिडकीखिडकीवर भांडलो. बहीण प्रत्येक वेळी सोबत असायची. दादा आपल्यासाठी जिवाचं रान करतोय, असं ती सगळ्यांना सांगायची. ते ऐकलं की मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटायचं.

शेवटी कलेक्टर कचेरीत एका साहेबीणबाईंनी माझा अर्ज पूर्ण वाचला. "अशा गाड्यांना नियम करा म्हणताय, बरोबर हाय. पण नेमकं काय चुकलं ते यात न्हाईच की. गाडीवर किती जण हुते?"

'एक' एवढंच म्हणायचं होतं. इतके महिने तेच म्हणत आलो होतो.

"दोघं," मी म्हणालो. "मागं मी हुतो. तो नको म्हणत हुता, मी ऐकलं न्हाय."

बहीण माझ्याकडं वळली. ती रडेल, अंगावर धावून येईल, असं वाटलं. तिनं हळू विचारलं, "दादा, तिथं सरकारी नियमाची पाटी असती, तर उतरला असतास?"

हो म्हणावं म्हणून तोंड उघडलं. पण खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

"न्हाय."

तिनं टेबलावरचं पेन उचललं, अर्जाच्या मोकळ्या जागेत 'मागे मी बसलो होतो' असं लिहिलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला. "कर सही." मी सही करून मान वर केली तेव्हा ती जिना उतरून गेली होती.